मीटरवर पंच्याऐंशी

लांबच्या रस्त्यावर बाइक थांबली की हॉटेलच्या बाकावरचं कुणीतरी उठून येतं आणि दोन प्रश्न विचारतं. एक, "केवढ्याला पडली?" आणि दोन, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आमच्या बाबतीत गंमत अशी की हे प्रश्न मला कुणी विचारत नाही, माझ्या मागे बसलेल्या नवऱ्याला विचारतात, भले तो मागच्या सीटवरून उतरून पाय झटकत असेल आणि चावी माझ्या हातात असेल. तो बिचारा माझ्याकडे बोट दाखवतो, "गाडी हिची आहे, हिलाच विचारा." मग ते मामा एकदा माझ्याकडे बघतात, एकदा गाडीकडे बघतात आणि परत त्यालाच म्हणतात, "पण तीस तरी देती का?"

देते ओ मामा, तीस देते. चौतीस पण देते आणि चोवीस पण देते. गाडी तीच, टाकी तीच, पंपसुद्धा बऱ्याचदा तोच, फरक फक्त उजव्या मनगटाचा. सासर पुण्याला आणि माहेर कोल्हापूरला असल्यामुळे हा रस्ता एवढा पायाखालचा, म्हणजे चाकाखालचा झालाय की आता माझं एक ठाम मत आहे, आणि ते ऐकून आमच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपमधले निम्मे लोक वैतागतात. माझ्या लेखी "अ‍ॅव्हरेज किती" आणि "गाडी आरामात किती स्पीडला जाते" हे दोन वेगळे प्रश्नच नाहीत. दोन्हीचं उत्तर एकाच आकड्याजवळ येऊन थांबतं, आणि तो आकडा लोकांना वाटतो त्याच्यापेक्षा बराच खाली आहे.

माझी गाडी म्हणजे रॉयल एन्फिल्डची जुनी हिमालयन, ४११ सीसीवाली. २०१६ ला आली, नवीन ४५० आल्यावर बंद झाली. कागदावर २४.३ बीएचपी म्हणजे हॉर्सपॉवर, टॉर्क म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर ३२ एनएम आणि तो ४००० ते ४५०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या मध्ये, पाच गिअर, १५ लिटरची टाकी, वजन जवळपास दोनशे किलो. हे आकडे सांगितले की पोरं हसतात कारण त्यांच्या बजाज डॉमिनारला ३७३ सीसीत ४० पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर आहे, वर "ताई, चाकणची आहे, आपली आहे" असंही ऐकवतात. हसू देत. ही गाडी शंभराच्या पुढे जायला कुरकुर करते हे खरंच आहे, पण त्याच्या अलीकडे तिच्यासारखी समजूतदार गाडी मी चालवलेली नाही.

आता रस्त्याचं सांगते, कारण स्पीडच्या गप्पा रस्ता बाजूला ठेवून मारता येत नाहीत. युरोपातले लोक मोटरवेवर दिवसभर क्रूझ करण्याबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर जो कुंपण घातलेला, गायी-म्हशी नसलेला रस्ता असतो तसा आपल्याकडे आहे, नाही असं नाही, पण त्यावर आपल्याला सोडत नाहीत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धी ७०१ किलोमीटरचा झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला, तिथेही दुचाकीला बंदी. म्हणजे महाराष्ट्रातल्या बाइकवाल्याचा हायवे म्हणजे नॅशनल हायवे, आणि माझ्यापुरता तो एनएच ४८, ज्याला अजून सगळे एनएच फोरच म्हणतात. त्यावर टोल द्यावा लागत नाही, टोलनाक्याच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीतून फास्टॅगच्या रांगेकडे बघत निघून जायचं, हे एक सुख आहेच. पण तो रस्ता सगळ्यांचा आहे. उलट्या बाजूने शांतपणे येणारा दूधवाला, डिव्हायडरच्या फटीतून एक पाय पुढे टाकून उभी असलेली आजी, आणि गळीत हंगामात म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन जोडलेल्या, मागे लाल दिवा नाही, असला तर ऊस खाली लोंबून झाकलेला. त्यात सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम, त्यामुळे पाच-दहा किलोमीटर चांगले मिळाले की पुढे डायव्हर्जन, सर्व्हिस रोड, धुरळा, पुन्हा हायवे.

अशा रस्त्यावर सरकारने २०१८ च्या एप्रिलमध्ये काढलेल्या नोटिफिकेशनप्रमाणे चौपदरी हायवेला कारला १०० आणि बाइकला ८० ची मर्यादा आहे. हे आमच्या ग्रुपमध्ये सांगितलं की लोक असे बघतात जसं काही मी शाळेची हजेरी घेतेय. पण इथे एक छोटी गोम आहे. बाइकचं स्पीडोमीटर खरं बोलत नाही, ते नेहमी थोडं वाढवून सांगतं, कारण नियमच असा आहे की मीटरने खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये, मग कंपन्या सेफ साइडला राहतात. माझ्या गाडीवर मीटर ८५ दाखवतं तेव्हा मोबाईलचं जीपीएस ८० च्या आसपास असतं. त्यामुळे ज्यांना वाटतं आपण ११० ने क्रूझ करतो ते बहुतेक वेळा १०३-१०४ ने करत असतात, हे त्यांना सांगायचं की नाही ते आपापल्या मैत्रीवर अवलंबून.

तर मीटरवर पंच्याऐंशी. हा आकडा मी कायद्यासाठी धरला नाही, तो अंगाने सांगितलेला आहे. सत्तरने गेलं तर इंजिन मजेत असतं पण आपण नसतो, कारण लोड भरलेले ट्रक साठ-पासष्टने मधल्या लेनला चिकटून चालतात, त्यांना ओलांडायला लागणारा वेळ संपता संपत नाही, आणि मागून ट्रॅव्हल्स डिपर मारत डोक्यावर येते. ऐंशीच्या पुढे गेलं की आपण ट्रकांच्या त्या थव्यातून सुटतो, पुढच्या मोकळ्या तुकड्यात जातो आणि तिथेच राहता येतं. टॉप गिअरला इंजिन चार हजाराच्या आसपास फिरत असतं, म्हणजे बरोब्बर जिथे त्याचा टॉर्क बसलाय तिथे, त्यामुळे उंब्रजपासून कराडपर्यंतचे छोटे चढउतार गिअर न बदलता निघतात. आरशात मागची कार कार म्हणून दिसते. हेल्मेटमधला आवाज एवढाच असतो की मागचा माणूस ओरडला तर निदान ओरडतोय एवढं कळतं.

पंच्याण्णवला आरसा किंचित थरथरायला लागतो. शंभरला फुटपेगमधून एक बारीक झिणझिणी वर येते. एकशे दहाला मधमाश्यांचं पोळं हातात धरल्यासारखी ग्रिप वाटते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. खांद्यावरचं वारं वाढतं, मान पुढे ताणली जाते, आपण नकळत टाकीवर ओणवं होतो, आणि हेल्मेटभोवतीचा गोंगाट असा की उतरल्यावर चहावाला काय बोलला ते दोनदा विचारावं लागतं. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअर प्लग मी कायम वापरते, दहा-वीस रुपयांत प्रवासाचा निम्मा थकवा जातो, हा सल्ला मी मागितल्याशिवाय सगळ्यांना देत असते. पण प्लग घातले तरी वारं काही कमी होत नाही, फक्त ऐकू येत नाही.

आणि सगळा मुद्दा या वाऱ्याचाच आहे. बाइक बारीक दिसते म्हणून आपल्याला वाटतं ती हवेतून सहज जात असेल, उलट आहे. सरळ बसलेला माणूस, फडफडणारं जॅकेट, उघडं इंजिन, हँडल, आरसे, या सगळ्याला हवा अडकते, आकाराच्या मानाने कुठल्याही सेडानपेक्षा बाइक हवेला जास्त टोचते. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. माझ्यासारख्या गाडीचा ढोबळ हिशोब मांडला, वारा नाही, रस्ता सपाट, तर ८० ला टिकून राहायला चाकाशी साधारण ७ हॉर्सपॉवर पुरतात. १०० ला १२ च्या वर जातात. १२० ला २०. आणि माझ्याकडे क्रँकवर, म्हणजे इंजिनपाशीच, एकूण २४. म्हणजे ऐंशीला गाडी आपल्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमीत चाललेली असते आणि एकशे वीसला ती सगळं विकून बसलेली असते, मग तिने गुणगुणावं तरी कशी.

पेट्रोलचं गणित यातूनच निघतं, फक्त ते एवढं भयानक नसतं, कारण ताकद तासाला मोजतो आणि पेट्रोल किलोमीटरला, जास्त स्पीडला तो किलोमीटर लवकर संपतो. शिवाय इंजिनला थोडा लोड दिला की ते पेट्रोल जास्त नीट वापरतं, अगदी कमी थ्रॉटलवर ते बरंच वाया घालवतं. त्यामुळे माझ्या वहीत आकडे असे दिसतात: खऱ्या ८० च्या आसपास राहिलं तर ३३-३४, ९० ला ३०, १०० ला २७, आणि त्याच्या पुढे एखादा दिवस पिळली तर २४. अमेरिकेत तेलटंचाईच्या वेळी, १९७४ च्या जानेवारीत, निक्सनने सही करून सगळ्या देशाला ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली होती, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. लोकांनी तिला भरपूर शिव्या घातल्या आणि १९९५ ला ती गेली. पण तो आकडा काही हवेतून आलेला नव्हता, किंवा हवेतूनच आला होता असं म्हणू.

वही म्हटलं म्हणून सांगते, कारण अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत लोक जेवढं फेकतात तेवढं मासे पकडणारेपण फेकत नसतील. माझ्या गाडीचं मीटर हे गणित करून देत नाही, त्यामुळे टाकी टू टाकी हा एकच मार्ग. पंपावर सपाट जागा बघायची, गाडी मेन स्टँडला लावायची, साइड स्टँडला नाही, कारण तिरकी गाडी अर्धा-पाऊण लिटर इकडेतिकडे करते. पंपावरचा मुलगा म्हणतो "झीरो बघा ताई", बघायचा. नोझल कट झालं की तो सवयीने विचारतो, "राउंड करू का?" आणि इथे ठाम राहायचं, कारण राउंड फिगरच्या नादात तो आणखी चाळीस रुपयांचं ढकलतो आणि आपला सगळा हिशोब गेला. मी पुढचं थेंब थेंब टाकायला लावते, टाकीच्या तोंडाच्या आत जिथे नळी सुरू होते त्या कडेला पेट्रोल लागलं की बस, त्याच्या वर नाही. उन्हात पेट्रोल फुगतं, आणि बीएस-सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाड्यांत वाफ शोषणारा जो डबा असतो त्यात पातळ पेट्रोल गेलेलं त्याला चालत नाही. मग ट्रिप मीटर झीरो. पुढच्या वेळी त्याच कडेपर्यंत भरायचं आणि भागाकार करायचा. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, तीन-चार टाक्यांची सरासरी बघायची. मागे रांग लागते, लोक हॉर्न वाजवतात, पोरगा कंटाळतो, पण आकडा खरा मिळतो.

हल्लीच्या नोंदी जरा खाली आल्यात आणि त्यात गाडीचा काही दोष नाही. २०२५ पासून देशभर पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इथेनॉलमध्ये २१, त्यामुळे पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटल्यावर निव्वळ गणितानेच लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. चौतीसचे बत्तीस व्हायला तेवढं पुरतं. ज्या उसाच्या ट्रॉलीच्या मागे आपण पेठ नाक्याला अडकतो तोच ऊस पुढे टाकीत येतो, असा हा आपल्या भागाचा घरगुती मामला आहे, तक्रार कुणाकडे करणार.

वाऱ्याकडे परत येते, कारण लोक स्पीडोमीटर बघतात आणि हवेचा स्पीड बघत नाहीत. समोरून २५ चा वारा असेल आणि तुम्ही ८० ने जात असाल तर हवेच्या लेखी तुम्ही १०५ ने जाताय, आणि दर किलोमीटरला पेट्रोल साधारण त्याच हिशोबाने जातं. भाऊ बंगळूरला असतो त्यामुळे कधीकधी कोल्हापूरच्या पुढे निपाणी, तवंदी घाट, बेळगाव, धारवाड, हुबळी असं खाली जाणं होतं. चित्रदुर्गच्या जवळ टेकड्यांवर पवनचक्क्या दिसायला लागतात, सगळे मोबाईल काढून फोटो घेतात, मी मात्र तिथे हँडल घट्ट धरते. कंपन्यांनी एवढा खर्च करून पंखे तिथे उभे केलेत म्हणजे तिथे वारं आहेच की. पावसाळ्यात पश्चिमेचं वारं या रस्त्याला आडवं लागतं, पुलावर किंवा टेकडी संपून उघड्यावर आलं की एक धक्का बसतो, गाडी तिरकी धरून सरळ चालवावी लागते, आणि ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना तर तो धक्का उलट-सुलट दोन्हीकडून. अशा वेळी शंभर हा आकडाच वेगळा असतो. मी पाऊणशेवर येते आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पहाटे पाचला निघालं तर वारं पडलेलं असतं, दुपारी जमीन तापली की उठतं, हा फरक मीटरवर दिसत नाही पण वहीत दिसतो. हिवाळ्याच्या पहाटे हवा थंड म्हणजे जड असते हा मुद्दा बरोबर आहे, पण पडलेल्या वाऱ्याने तो भरून निघतो.

सामानाचंही तसंच. सगळ्यांना वाटतं नवरा मागे बसला की अ‍ॅव्हरेज पडतं. पडतं, चढाला पडतं, खंबाटकी चढताना तर चौथा काय कधी तिसरा टाकावा लागतो. पण सपाटीला वजनाची किंमत फार नसते, तो माझ्याच आडोशाला बसलेला असतो, त्यामुळे हवेला त्याचा विशेष पत्ता लागत नाही, दीड-दोन किलोमीटरचा फरक. त्याच्या जागी दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पेट्या लावा, त्यापण रिकाम्या, त्या जास्त खातात. बाजूला आल्यामुळे थेट हवेत असतात ना. हे गणित मी नवऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी पेटीपेक्षा बरा." हो, बराच बरा.

या सगळ्यात जुन्या लोकांचे जे नुस्खे आहेत त्यातले काही टिकले, काही गेले. पप्पांकडे हिरो होंडाची सीडी १०० होती, ९७ सीसी, पन्नासच्या पुढे ती त्यांनी कधी नेली नाही आणि तिच्या अ‍ॅव्हरेजचे आकडे ते आजही पाहुण्यांना ऐकवतात. त्यांची दुसरी सवय म्हणजे उतार आला की न्यूट्रल. घाट संपेपर्यंत न्यूट्रल, जमलं तर इंजिनसुद्धा बंद. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यातून थोडंफार पेट्रोल वाचत असेल. आताच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीत उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडून गाडी गिअरमध्येच ठेवली तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल अक्षरशः बंद करतो, चाकच इंजिनला फिरवत असतं. उलट न्यूट्रल टाकला की इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जातं, इंजिनचा ब्रेक मिळत नाही तो वेगळाच. मी हे पप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या गाडीचं तसं असंल." विषय संपला.

ग्रुपमधल्या लोकांशी मात्र विषय संपत नाही. त्यांचा मुद्दा वेळेचा असतो. पुणे-कोल्हापूर २३० किलोमीटर धरा, त्यातला कात्रजच्या पुढचा ट्रॅफिक, खंबाटकी, साताऱ्याच्या आसपासची गर्दी, डायव्हर्जन, हे सगळं वजा केलं तर खरोखर मोकळा म्हणावा असा रस्ता चांगल्या दिवशी दीडशे किलोमीटर मिळतो. त्या दीडशेला ९० ने शंभर मिनिटं लागतात आणि ११० ने ब्याऐंशी. अठरा मिनिटं. त्या अठरा मिनिटांसाठी लिटरभर पेट्रोल जास्त जातं, म्हणजे शंभराची नोट गेली, ते एकवेळ सोडा. पण एकशे दहावाला पाचवडच्या आसपास हात झटकत उतरतो, पाणी पितो, हेल्मेट काढून डोकं चोळतो, परत सगळं चढवतो, आणि पंधरा मिनिटं तिथेच गेलेली असतात. मी थेट कराडच्या अलीकडे पोचते आणि भूक लागली म्हणून थांबते, बोटं बधिर झाली म्हणून नाही. शिवाय थांबायला लागणारं अंतर बघा. ब्रेक दाबायचा हे कळायला एक सेकंद धरला तर खऱ्या ८० वरून चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी साठेक मीटरमध्ये उभी राहते, ११० वरून जवळजवळ शंभर मीटर घेते. ती आजी, तो दूधवाला, ती बिनदिव्याची ट्रॉली, यातलं कुठलंच शंभर मीटर आधी कळवत नाही. रात्री तर लो बीमचा उजेडच तेवढा लांब जात नाही. त्यामुळे अंधार पडल्यावर माझे पंच्याऐंशीसुद्धा साठ होतात आणि तेव्हा अ‍ॅव्हरेजचा हिशोब कुणी करत नाही.

हे सगळं एका सिलिंडरच्या गाडीचं झालं, हे मान्य. आमच्यात एकाची इंटरसेप्टर ६५० आहे, दोन सिलिंडर, ४७ हॉर्सपॉवर, सहा गिअर, ती ११० ला जे चालते ते बघून मत्सर वाटतो, ना आरसा हलत ना पाय झिणझिणत. पण वारं तिलाही तेवढंच लागतं, विंडस्क्रीन नाही, आणि टाकी १३.७ लिटरची. ११० ला ती २४ देते, म्हणजे फुल टाकीवर कागदावर ३३० किलोमीटर, प्रत्यक्षात पावणेतीनशेलाच तो पंप शोधायला लागतो. दुसरा एक आहे, त्याच्याकडे वडिलांची जुनी कास्ट आयर्न बुलेट, चार गिअर, गिअर उजव्या पायाला, आणि ती पासष्टला अशी मस्त ठोके देत चालते की तिला पुढे ढकलणं पापच. त्यामुळे आम्ही सगळे एकत्र निघालो की स्पीड बुलेटचा आणि पंपाचे स्टॉप इंटरसेप्टरचे, असा दोन्हीकडून गळा दाबला जातो. मध्ये मी.

लडाखला जाताना या सगळ्याची खरी परीक्षा झाली. मनालीहून निघालं, अटल बोगदा ओलांडून लाहौलमध्ये उतरलं की केलाँगच्या आधी तांदी लागतं, तिथे पंप आहे आणि तिथला तो बोर्ड सगळ्यांना पाठ असतो, पुढचा पंप ३६५ किलोमीटर. माझ्या पंधरा लिटरला घाबरायचं कारण नव्हतं. इंटरसेप्टरवाल्याने मात्र मनालीच्या हॉटेलात कॅल्क्युलेटर काढला, ३६५ भागिले १३.७, म्हणजे २६.६ च्या वर मिळालंच पाहिजे, आणि त्याला तर घरी चोवीस मिळतं. रात्रभर काळजी. सकाळी पाच लिटरचा कॅन मागे बांधला, पेट्रोलच्या वासाने मागे चालणाऱ्या माझं डोकं दुखायला लागलं. त्याला सांगून पाहिलं की अरे, वर हवा विरळ आहे, लेहच्या उंचीला, म्हणजे साडेतीन हजार मीटरला, हवेची घनता खालच्या सत्तर टक्केच उरते, खिंडींमध्ये त्याहून कमी, इंजिनला दम लागतो तसा गाडीला अडवणाऱ्या हवेलाही दम लागतो, आणि फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे कमी हवेला कमीच पेट्रोल जातं. त्यात रस्ता असा की चाळीस-पन्नासच्या वर कुणी जातच नाही. चढाला जेवढं जाईल त्यातलं बरंच उताराला परत मिळेल. पण एकदा माणूस कॅल्क्युलेटरवर बसला की तो आपलं ऐकत नाही.

लेहच्या अलीकडे कारूचा पंप आला तेव्हा त्याचा कॅन तसाच बांधलेला होता आणि टाकीत पण पेट्रोल होतं. टाकी टू टाकी मोजलं, मी उभी राहून मोजायला लावलं, एकतीस. त्याच्या गाडीने आयुष्यात एवढं दिलं नव्हतं. दोन दिवस तो सगळ्यांना फोन करून सांगत होता, लेहच्या मार्केटमध्ये ओळख नसलेल्या लोकांनासुद्धा. मग आम्ही श्रीनगरवरून खाली उतरलो, पंजाबात सपाट, सरळ, रुंद एनएच ४४ मिळाला, त्याने गाडी ११० ला लावली आणि लुधियानाच्या पुढे पंपावर भागाकार केला तर परत चोवीस. चेहरा पडला त्याचा. म्हणाला, थंडीत काहीतरी सेन्सर गेला बहुतेक, पुण्याला पोचलो की आधी सर्व्हिसला टाकतो.